आप्पांनी सगळं सांगून ठेवलं होतं

आप्पा गेले त्याला आता चार वर्षं झाली. बाराव्याची जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आणि मामा पान लावता लावता म्हणाले, "काळजीचं काय नाही, दाजींनी सगळं सांगून ठेवलंय." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण खरंच सांगून ठेवलं होतं की. मला सांगितलेलं माझ्या डोक्यात, दादाला सांगितलेलं दादाच्या, आणि प्रत्येकाला वेगळं सांगितलंय हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

दादाला म्हणाले होते, "थोरला आहेस, घर तुझंच, धाकट्याचं काय ते तू बघ." धाकट्याला म्हणाले होते, "दादाचा फ्लॅट झालाय, आता हे घर तुलाच." आईला म्हणाले होते की घर तुझ्या नावावर करणाराय, म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. आणि २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आई-आप्पा पंधरा दिवस माझ्याकडं राजारामपुरीत होते, तेव्हा एका रात्री लाईट नसताना मला म्हणाले, "पाणंदीकडची दहा गुंठं तुझी हं बाई." मी तेव्हा म्हटलं, आप्पा मला काय नको, तुम्ही झोपा. पण लक्षात ठेवलं, खोटं कशाला बोलू.

आप्पा खोटारडे नव्हते. एसटीत कंडक्टर होते, दिवसाचा हिशोब पैशापर्यंत जुळला नाही तर जेवायला बसायचे नाहीत. पण घरात समोर जो बसलाय त्याचं मन राखायचं ही त्यांची जन्माची सवय. त्यामुळं झालं काय, की आम्ही चौघंही खरं बोलत होतो आणि चौघांनाही वाटत होतं की बाकीचे तिघं थापा मारायलेत. दादा एकदा म्हणाला, "तुला आप्पांनी सांगितलं तेव्हा तिथं कोण होतं?" सख्खा भाऊ मला साक्षीदार मागायलाय! त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं की आपण मृत्युपत्र करायचं, या महिन्यात. अर्थात केलं तीन वर्षांनी, तो भाग वेगळा.

तर आप्पांची लोखंडी ट्रंक उघडली. पुरात माळ्यावर टाकली होती म्हणून वाचली. आत १९८७ पासूनची लाईट बिलं, एसटीचे पगाराचे कागद, साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला, दोन पतसंस्थांची पासबुकं, बँकेच्या एफडीच्या पावत्या, एका मेलेल्या म्हशीचे विम्याचे कागद. मृत्युपत्र नाही. एवढं जपून ठेवणाऱ्या माणसानं हा एक कागद केला नव्हता, आणि कारण मला माहिताय, एकदा कुणीतरी विषय काढला होता तर म्हणाले होते, "लिहून काय ठेवायचंय, आपण काय परकं हाय व्हय?"

मृत्युपत्र नसलं की मग कायदा वाटणी करतो. आमच्यासारख्यांना हिंदू वारसा कायदा, १९५६ चा. आप्पांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर म्हणजे स्वकष्टार्जित, त्याला आई, दोन मुलगे आणि मी मुलगी, चौघांना सारखे चार हिस्से. आप्पांची आई असती तर तिलाही पाचवा मिळाला असता, वडील असते तर मात्र नाही, ते दुसऱ्या वर्गात येतात, हे ऐकून मला गंमत वाटली होती. कोण सांभाळायलंय, कोणाचा फ्लॅट झालाय, कोणाच्या लग्नात किती खर्च झाला, यातलं कायदा काही बघत नाही.

शेताचं प्रकरण त्याहून भारी. करवीर तालुक्यात आजोबांची बासष्ट गुंठे जमीन आहे, ऊस असतो. सातबारावर नाव कुणाचं तर थोरल्या काकांचं, आणि नावापुढं "ए.कु.मॅ.". म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा गेले तेव्हा गावात सगळ्यांनी असंच केलं, थोरल्याचं नाव लावायचं आणि बाकीच्यांनी गप बसायचं. आता काका तसे चांगले आहेत पण त्यांच्या मुलांना वाटतं की जमीन त्यांचीच. या जमिनीचं आप्पांनी मृत्युपत्र केलं असतं तरी पूर्ण बासष्ट गुंठ्यांचं करता आलंच नसतं, फक्त स्वतःच्या वाट्याचं करता येतं, तेवढं मात्र नक्की येतं. म्हणजे माझी पाणंदीकडची दहा गुंठं म्हणजे हवेतलीच होती, कारण वाटपच झालं नव्हतं तर पाणंदीकडची कुणाची आणि ओढ्याकडची कुणाची हे आप्पा तरी कुठल्या हिशोबानं सांगणार?

वारसनोंद घालायला गेलो तेव्हा हे सगळं कळलं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडं अर्ज, मग नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडल अधिकाऱ्यांची सही आणि मग फेरफार मंजूर. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कुणी म्हणत नाही.) वाटप अजून झालेलं नाही. त्यावर वेगळं लिहावं लागंल आणि ते लिहायला माझी हिंमत नाही, काका पण हे वाचतात.

आणि एफडी. इथं आमची खरी ठिणगी पडली. नॉमिनी धाकटा होता, कारण आप्पांना बँकेत गाडीवरनं तो घेऊन जायचा आणि फॉर्म भरताना शेजारी तोच उभा असायचा, बास, एवढंच कारण. पैसे त्याच्या खात्यावर जमा झाले आणि त्याला मनापासून वाटलं की ते त्याचेच. चूक त्याची नाही, निम्म्या कोल्हापूरला असंच वाटतं, मलाही वाटायचं. नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस. मालक वारसच राहतात, किंवा मृत्युपत्र असलं तर त्यात ज्याचं नाव आहे तो. सुप्रीम कोर्टानं एलआयसीच्या बाबतीत हे १९८४ मध्येच सांगितलंय आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. विम्यात २०१५ पासून थोडा फरक केलाय, नवरा बायको मुलं आईवडील नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क जास्त धरतात, पण बँकेला ते लागू नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं, ते जाऊन जरूर करा. पण ते केलं म्हणजे मृत्युपत्र झालं असं समजू नका.

धाकट्याला हे सांगणार कोण? मी सांगितलं असतं तर बहीण पैशाला टपली, दादानं सांगितलं असतं तर भांडण. दीड वर्ष कुणी काही बोललं नाही. दिवाळीला गेलं की फराळ, हसणं, सगळं व्हायचं आणि ती एफडी मध्येच बसलेली असायची पाहुण्यासारखी. शेवटी आईनंच एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "का रं, तुझ्या बापानं साठवलेलं मला बघायला तरी मिळणार हाय का नाही?" दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला आणि सगळी रक्कम आईच्या नावावर केली. पोरगा तसा सोन्यासारखा आहे, मी आधीपासून म्हणते.

या सगळ्यात माझ्याकडं हक्कसोडचा कागद आला नसता तरच नवल. आमच्याकडं पद्धतच आहे, बाप गेला की सहा महिन्यांत बहिणींना गाडीतनं आणायचं, सही घ्यायची, साडी नेसवायची आणि परत सोडायचं. एक लांबची काकू मला म्हणाली, "सही करून टाक बाई, माहेर तुटतंय नाहीतर." मी म्हटलं, काकू, माहेर जर माझ्या सहीवरच टिकायचं असेल तर मग ते आधीच तुटलंय की. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क २००५ पासून देशभर आहे, आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ लाच दिला होता, तेव्हा ज्यांचं लग्न झालेलं नव्हतं त्या मुलींना. आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील हयात असायला हवे होते असंही काही नाही. मी सही करणार नाही असं म्हटलं नाही, मी म्हटलं घराची सही करते पण आईच्या नावावर, आणि तुम्ही दोघांनीही करा. दोघांनी केली. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं, सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्डावर आईचं एकटीचं नाव लागलं. आप्पांनी आईला जे सांगितलं होतं तेवढं एक तरी खरं झालं. शेताची सही मी केलेली नाही आणि करणारही नाही, कारण विचारू नका.

म्हणजे आता पुढचा प्रश्न आईचा. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, घर तिचं, एफडी तिची, दागिने तिचे. पुन्हा ट्रंक उघडायची वेळ मला नको होती. पण विषय काढायचा कसा? शेजारच्या मावशींना कळलं तर म्हणाल्या अशुभ असतं, कागद केला की माणूस जातो. आईनंच त्यांना उडवून लावलं, "आमच्यांनी कुठं केला होता, गेलेच की."

वकील आमच्या ओळखीतलेच, मंगळवार पेठेतले. मी त्यांना आधी वेड्यासारखं विचारलं स्टॅम्प पेपर किती रुपयांचा आणू. ते म्हणाले साधा कागद आण, मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. हातानं लिहिलं तरी चालतं, कुठल्याही भाषेत चालतं, नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही. लागतं एवढंच, करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा, त्यानं सही किंवा अंगठा करावा, आणि दोन साक्षीदारांनी त्याची सही बघून आपली सही करावी. साक्षीदाराला आत काय लिहिलंय हे माहीत असायची गरज नाही, त्यानं फक्त सही बघितली पाहिजे. मी म्हटलं मग नोंदणी कशाला, तर म्हणाले एक प्रत सरकारी दप्तरात राहते, पूर येवो नाहीतर वाळवी लागो. आई आहे तोवर ती प्रत आईशिवाय कुणाला मिळत नाही. पण नोंदणी केली म्हणजे कोर्टात आव्हान देता येत नाही हा गैरसमज, ते देता येतंच. "आणि आता तर मुंबईला पण जायला लागत नाही," म्हणाले, "हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच आलंय ऑगस्ट २०२५ ला, भांडा की निवांत!" वकिलांचे जोक असेच असतात.

साक्षीदारांचं त्यांनी लई बजावलं. आपल्यापेक्षा वयानं लहान घ्या, गावातले घ्या, आणि ज्यांना काही मिळणाराय ते घेऊ नका. पुढं वाद झालाच तर दोघांपैकी एकाला तरी कोर्टात उभं राहून सांगावं लागतं की होय, माझ्यासमोर सही केली. त्यांच्याकडंच एक प्रकरण आलं होतं, एका आजोबांनी आपल्या पत्त्यांच्या अड्ड्यातले दोन दोस्त साक्षीला घेतले होते, दोघंही ऐंशीचे. आजोबांच्या आधीच दोघं गेले. मग हस्ताक्षर ओळखणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली. आम्ही एक आमच्या घरचे डॉक्टर घेतले, त्यांनी त्याच दिवसाच्या तारखेचा आई शुद्धीत आहे असा दाखलाही दिला, आणि दुसरा शेजारचा बत्तीस वर्षांचा पोरगा.

मी मधेच विचारलं होतं की सरळ बक्षीसपत्रच का नको, मुलांच्या नावे राहतं घर केलं तर स्टॅम्पात मोठी सवलत आहे म्हणतात. वकिलांनी आईकडं बघितलं आणि म्हणाले, "काकू, मृत्युपत्र रोज बदलता येतं, बक्षीसपत्र एकदा दिलं की गेलं." मग कुणाचीतरी गोष्ट सांगितली, मुलाला घर बक्षीस दिलं आणि सहा महिन्यांत म्हातारा मागच्या खोलीत. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, सांभाळलं नाही तर असं बक्षीस रद्द होऊ शकतं, पण सांभाळायची अट कागदात लिहून घेतलेली बरी, आणि त्या वयात प्रांत ऑफिसच्या पायऱ्या कोण चढणार. आई लगेच म्हणाली, "बदलता येतंय तेच करा."

मसुदा वाचायला बसलो ती संध्याकाळ मी विसरणार नाही. सुरुवातच "कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसा जे". आई म्हणाली, "हे कोण बोललं असं?" मग "स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणाला बळी न पडता". आई इतकी हसली की ठसका लागला. "पन्नास वर्षं दाबात काढली, आता कागदावर म्हणं दडपण नाही!" आणि मग चतुःसीमा आली, पूर्वेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस बोळ, तेव्हा मात्र ती गंभीर झाली आणि पश्चिमेचा बोळ नाही, ती आपल्याच परड्यातली जागा आहे म्हणून वकिलांची चूक काढली. प्रॉपर्टी कार्ड काढून बघितलं तर आई बरोबर!

वाटणी तिनं कशी केली ते सांगते, कारण त्यावरनं बरंच झालं. घर धाकट्याला, कारण तोच तिच्याजवळ राहतो आणि धाकटी वहिनी तिचं सगळं करते. एफडी आणि पतसंस्थेतले पैसे दादाला. शेतात तिचा जो काही हिस्सा निघेल तो मला. समान नाही हे. वकील म्हणाले समान नसलं तरी चालतं, पण का ते एका ओळीत लिहा, म्हणजे उद्या कुणी म्हणणार नाही की म्हातारीला विसर पडला होता. आई म्हणाली लिहायचं नंतर, आधी मी दादाला सांगते. मी म्हटलं, अगं मृत्युपत्र गुप्त ठेवतात. तर म्हणाली, "तुझ्या बापानं गुप्तच ठेवलं होतं की."

दादाला बोलावलं. त्यानं ऐकून घेतलं, चहा प्याला, "ठीक आहे" म्हणाला आणि गेला. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आईच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आला, महिन्याच्या ऐवजी तीन महिन्यांच्या, आणि म्हणाला, "मला घर नको होतं गं, आप्पा मला म्हणाले होते एवढंच." मला तेव्हा कळलं की एवढी वर्षं त्याचं काय अडलं होतं. त्याला कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं की होय, आप्पा तुला तसं म्हणाले होते. आईनं म्हटलं. तिला सगळं माहीत होतं म्हणे, कुणाला काय काय सांगितलंय ते.

दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात दोन तास गेले, त्यातला अर्धा तास आईच्या अंगठ्याला. धुण्याभांड्यांनी आणि शेणामातीनं रेषाच राहिलेल्या नाहीत, मशीन घेईना. पदराला पुसून, हातावर फुंकर मारून, पाचव्या वेळेला उमटला. फोटो काढताना म्हणाली थांबा, आणि पदर डोक्यावर घेतला.

आमचंही मग झालं. नवऱ्याचं एक, माझं एक, ए-फोर कागदावर, प्रत्येक पानावर सही. आधीची सगळी रद्द अशी ओळ घातली, मुलगी अजून अठराची नाही म्हणून तिचं कोण बघणार ते लिहिलं, अंमलबजावणी कोण करणार त्याचं नाव घातलं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, त्याची सक्ती आपल्याकडं कोल्हापुरात नाही, ते मुंबईवाल्यांचं लफडं होतं, आणि डिसेंबर २०२५ ला तिथलीही सक्ती गेली. वारशावर कर लागत नाही, तो १९८५ लाच बंद झालाय, त्यामुळं कुणी एजंट टॅक्स वाचवायच्या नावाखाली काही विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा. आणि बायकांनो, स्वतःच्या कमाईचं घर असेल आणि मूलबाळ नसेल तर जरूर लिहून ठेवा, कारण लिहिलं नसेल आणि नवराही नसेल तर कायद्यानं ते सासरच्या वारसांकडं जातं, स्वतःच्या आईकडं नाही. माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना, मग तिनं त्याच आठवड्यात केलं.

एकत्र कुटुंबाचं आणि वाटणीचं आपल्या गावाला तसं काही नवं नाही, सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी यांची हद्दसुद्धा १७३१ ला वारणेचा तह झाला तेव्हाच कागदावर आली. तोवर लढाया.

आईच्या मृत्युपत्रात एक गोष्ट राहिलीय. तिचा कोल्हापुरी साज. पाटल्या, बिलवर, ठुशी सगळ्यांची यादी वजनासकट केली, कुणाला काय ते लिहिलं, साजाला आली की तिसरंच काहीतरी बोलायची. वकिलांनी दोनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "साजाचं राहू दे, ते मी सांगून ठेवलंय."

वकिलांनी गुपचूप शेवटी "यात न लिहिलेली बाकी सर्व मिळकत तिन्ही मुलांना समान" अशी ओळ टाकली. परवा धाकट्या वहिनीला सहज विचारलं, साजाचं आई काय म्हणाल्या गं तुला? ती लाजली आणि म्हणाली, "मला म्हणाल्यात तुलाच देणार, पण कुणाला बोलू नको." मी काही बोलले नाही. मला तर आईनं गेल्या गौरीलाच सांगितलंय.